स्प्रिंग बदलायला

लीलंड बॉग्ज त्या शनिवारी सकाळी नेमबाजीच्या रेंजवर आला तो ठरवूनच, की आज ऑर्व्हिलकडे त्याचं पिस्तूल मागायचं. तसं तो मार्चमध्येही ठरवून निघाला होता आणि एप्रिलमध्येही. मार्चमध्ये ऑर्व्हिलच्या ओसरीवर बसून दोघं गुरांच्या भावावर बोलले, एप्रिलमध्ये गळक्या छपरावर, आणि दोन्ही वेळा लीलंड कॉफी पिऊन तसाच घरी परतला. पिस्तुलाचा विषय ओठांवर येई आणि कॉफीच्या घोटाबरोबर खाली जाई.

आमच्या भागात याला 'स्प्रिंग बदलायला नेणं' म्हणतात. कुणाची बायको जाते, कुणाचा घटस्फोट होतो, कुणाचं पोर अपघातात सापडतं. मग शेजारचा एखादा येतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि उठता उठता म्हणतो, तुझ्या पिस्तुलाची स्प्रिंग ढिली वाटते, दे, बदलून आणतो. घरातला माणूस निमूटपणे काढून देतो. का नेतोय, दुःखातल्या माणसाच्या हाताशी पिस्तूल का नको, ते दोघांनाही कळलेलं असतं आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. अशी स्प्रिंग बदलायला कधी उन्हाळा जातो, कधी अख्खं वर्ष. लीलंडची बायको त्याला सोडून गेली तेव्हा ऑर्व्हिलच आला होता आणि कपाटातल्या सगळ्या बंदुका पिकअपमध्ये घालून घेऊन गेला होता. "सगळ्यांच्याच स्प्रिंगा गेल्यात रे तुझ्या," एवढंच जाताना म्हणाला होता.

आता पाळी लीलंडची होती. आणि नुसती रीत म्हणून नव्हे. नेडीनने, ऑर्व्हिलच्या बायकोने, त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. जानेवारीत हॉस्पिटलात ऑर्व्हिल कॉफी आणायला खाली गेला तेव्हा तिने लीलंडचं मनगट धरलं. त्या हातात आता काही उरलं नव्हतं, तरी पकड होती. म्हणाली, मी गेले की त्याचं पिस्तूल घेऊन जा. वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस. लीलंड हो म्हणाला. फेब्रुवारीत ती गेली आणि लीलंड थांबला.

थांबायला कारण होतं, निदान त्याला तसं वाटे. ऑर्व्हिल स्टेगमन म्हणजे काही पडेल मनाचा माणूस नव्हे. तीस वर्षं त्याने गॅसचा टँकर चालवला. मिसुरीच्या या कोपऱ्यात जिथे रस्ता संपतो तिथून पुढेही ज्यांची घरं आहेत त्यांच्या टाक्या त्यानेच भरल्या. कुठल्या घरचं कुत्रं चावतं आणि कुठलं नुसतंच भुंकतं ते त्याला तोंडपाठ. बर्फात एखाद्या म्हातारीची टाकी रिकामी असली तर बिलाचं नंतर बघू म्हणणारा, आणि नंतर न बघणारा. नेडीन शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातचं खाल्लंय आणि तिच्या शिव्याही. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी कधी कुणाला दाखवलं नाही.

पिस्तुलाचा नाद खरं तर नेडीनचा. पलीकडच्या फार्मवर दरोडा पडला, शेरिफची गाडी यायला तास लागला, त्यानंतर ती रॉस्को फायफरच्या वर्गात जाऊन बसली. रॉस्को पूर्वी शेरिफच्या खात्यात होता. आता स्वतःच्या कुरणात, मातीच्या बांधासमोर, स्वतःचा जीव वाचवायला पिस्तूल कसं वापरायचं ते शिकवतो. वर्ग दरवर्षी मे महिन्यात, दोन दिवसांचा. नेडीनने दुसऱ्या वर्षी नवऱ्यालाही ओढत नेलं. मग लीलंड आला. शिकायचं ते शिकून झाल्यावरही तिघं दरवर्षी येत राहिले, जसे लोक जत्रेला येतात. नेडीन उकडलेल्या अंड्यांत मसाला भरून आणायची, लीलंड कॉफी, आणि ऑर्व्हिल सगळ्यांसाठी खुर्च्या.

या वर्षी ऑर्व्हिलने तीन खुर्च्या आणल्या होत्या. त्या उतरवताना त्याच्या ध्यानात आलं. तिसरी त्याने परत गाडीत टाकली नाही, उघडून ठेवली आणि तिच्यावर आपली टोपी ठेवली. लीलंडने दुसरीकडे पाहिलं.

रॉस्कोच्या वर्गाची सुरुवात नेहमीच्या टेबलापासून होते. घरून आणलेलं पिस्तूल बांधाकडे तोंड करून त्याच्या देखत रिकामं करायचं, मग पुढचं. वर्षानुवर्षं तो एकच गोष्ट घोकून घेतो. पिस्तूल हातात आलं की आधी उघडून बघायचं. बायकोच्या हातून घेतलं तरी बघायचं, दुकानदाराने आत्ताच दाखवलं असलं तरी बघायचं, स्वतःच मिनिटापूर्वी ठेवलेलं उचललं तरी बघायचं. आमच्याकडची माणसं यामुळे अशी झालीत की दुकानात खेळण्यातली बंदूक उचलली तरी आधी आत डोकावतात.

ऑर्व्हिलने पिस्तुलाच्या मुठीतलं मॅगझिन काढलं आणि अंगठ्याने एकेक काडतूस टेबलावर ढकललं. पहिलं लाल. दुसरंही लाल. सगळीच लाल निघाली. लाल म्हणजे खोटी काडतुसं, सरावाची. आत दारू नाही, काही नाही. वर्गात वापरतात ती.

रॉस्को क्षणभर बघत राहिला आणि मग कमरेवर हात ठेवून हसला. मागच्या वर्षीच्या वर्गापासून हा माणूस खेळणं घेऊन झोपतोय, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. चोर आला असता तर काय करणार होतास, त्याला रंग दाखवणार होतास? हशा पिकला. अशी चूक आमच्यातल्या एखाद्याकडून होतेच, वर्गातलं मॅगझिन तसंच घरी जातं, आणि मग वर्षभर त्याची चेष्टा. लीलंडही हसला. हसता हसता त्याने ऑर्व्हिलकडे पाहिलं आणि त्याचं हसू जिरलं. ऑर्व्हिल ओशाळला नव्हता. चकितही झाला नव्हता. शांतपणे त्याने ती लाल काडतुसं गोळा केली, मोजल्यासारखी नीट, आणि शर्टाच्या खिशात घालून बटण लावलं. आत लाल आहेत हे त्याला आधीच ठाऊक होतं.

लीलंडला ते सकाळभर डाचत राहिलं. ठाऊक होतं तर बदलली का नाहीत?

दुपारच्या आधी जोड्या लावल्या. यातला जुना खेळ असा, की जोडीदाराने तुमचं मॅगझिन भरायचं, जिवंत काडतुसांत मध्येच एखादं खोटं घालून. कुठे घातलंय ते तुम्हाला माहीत नाही. खोट्यावर चाप ओढला की नुसतं 'टक्' होतं, आणि बार होणार या भीतीने हात दचकला असेल तर तो सगळ्यांना दिसतो. ऑर्व्हिलचा हात म्हणजे या खेळातली दरवर्षीची करमणूक. खोट्या काडतुसावर त्याच्या पिस्तुलाची नळी अशी खाली जायची, की नेडीन म्हणायची, नमस्कार करतोय बघा बांधाला. त्याचं मॅगझिन नेहमी तीच भरायची. आज रॉस्कोने ते लीलंडच्या हातात दिलं.

लीलंड एकेक जिवंत काडतूस भरू लागला. ज्या माणसाचं पिस्तूल काढून घ्यायचं कबूल केलं, त्याच्याच पिस्तुलात तो आपल्या हाताने गोळ्या भरत होता. त्याने एक खोटं घातलं, मग थोडं थांबून आणखी एक घातलं.

ऑर्व्हिल उभा राहिला. बार झाला. दुसरा झाला. मग 'टक्'. नळी हलली नाही. लीलंड तिच्याकडेच बघत होता. पुन्हा बार, पुन्हा 'टक्', आणि नळी जशीच्या तशी, टेबलावर ठेवल्यासारखी. शेजारी टॅमरा नावाची नवी मुलगी होती, आजारी माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणारी. तिने टाळ्या वाजवल्या. रॉस्कोने तर ऑर्व्हिलच्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत जे मला जमलं नाही ते कसं केलंस, म्हणाला. ऑर्व्हिल म्हणाला, सराव.

आयुष्यभर जो माणूस बाराला दचकला, तो दचकायचा थांबला होता. याचं कौतुक करावं असं काही लीलंडला दिसेना. त्याला वाईट वाटत होतं, आणि स्वतःचा रागही येत होता.

जेवताना त्याने विषय काढायचा ठरवलं, तर टॅमरा येऊन नेमकी तिसऱ्या खुर्चीशी उभी राहिली आणि बसू का म्हणाली. ऑर्व्हिलने टोपी उचलून मांडीवर घेतली. बसा की, म्हणाला. मग तिला नेडीनच्या भरलेल्या अंड्यांबद्दल सांगत बसला, मोहरी किती घालायची, तिखट कधी भुरभुरायचं. स्वतः त्याने डब्यातलं काहीच खाल्लं नाही. लीलंडने दुकानातून आणलेली अंडी पुढे केली, तर म्हणाला, बरी दिसतात, आणि झाकण लावून टाकलं.

वर्ग सुटला. इथून जाताना सगळे पिस्तूल भरून घेऊन जातात, तशीच पद्धत आहे. रॉस्कोने मोठ्या मनाने नव्या काडतुसांचा एक डबा ऑर्व्हिलच्या हातात ठेवला. माझ्याकडून, म्हणाला. यापुढे जिवंत, कळलं? पुन्हा लाल दिसली तर वर्गात घेणार नाही. चांगल्या मनाने दिलेला तो डबा लीलंडला नको नको वाटला.

ऑर्व्हिल आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर जाऊन बसला. एका बाजूला नवा डबा, दुसऱ्या बाजूला रिकामं पिस्तूल. खिशाचं बटण काढून त्याने लाल काडतुसं तळहातावर घेतली. भरत मात्र काहीच नव्हता. कुरणातल्या गाड्या एकेक करून निघाल्या. लीलंड त्याच्याशेजारी जाऊन बसला. आता नाही तर मग कधीच नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

"तुझ्या पिस्तुलाची स्प्रिंग," तो म्हणाला. "ढिली वाटते. दे, बदलून आणतो."

ऑर्व्हिलने मान वर केली नाही. "आलास एकदाचा," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून वाट बघतोय."

लीलंड त्याच्याकडे वळला.

"मार्चमध्ये वाटलं, आता मागशील. तू गुरांचे भाव सांगत बसलास. एप्रिलमध्ये तर मी पिस्तूल ओसरीवरच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. तू त्याच्याकडे बघितलंस आणि छपराचं काढलंस."

"मला वाटलं, तुझ्या मनाला लागेल."

"लागलं असतं की. तरी दिलं असतं."

मग त्याने ते सांगितलं, तळहाताकडे बघत. लीलंड मार्चमध्ये येऊन गेला त्याच्या पुढच्याच रविवारची गोष्ट. चर्चमधून आला, कोट न काढताच पलंगावर बसला आणि पेटीतून पिस्तूल काढलं. नेडीनच्या आजारपणात त्याने त्याला हातही लावला नव्हता. "हातात आलं तसं उघडून बघितलं. विचार करून नव्हे, रॉस्कोने लावलेली सवय. तर आत लाल. म्हटलं, हे काय. सगळी काढली, तर सगळी लाल. मी कधी भरली नाहीत रे ती. माझं मॅगझिन कोण भरायचं?"

वारा सुटला होता. नेम धरायला बांधावर लावलेले माणसांचे कागदी आकार फडफडत होते.

"हॉस्पिटलात जायच्या आधी केव्हातरी," ऑर्व्हिल म्हणाला. "तिला तेव्हा डब्याचं झाकणसुद्धा उघडत नव्हतं. मॅगझिनची ती कडक स्प्रिंग कशी दाबली असेल, देव जाणे. जिवंत कुठे नेऊन टाकली तेही सांगितलं नाही. मी शोधली नाहीत. तशीच परत भरून ठेवली. तिने भरलेलं, बदलवेना."

लीलंडने डोळे पुसले, बाहीनेच. मग त्याला सांगावंच लागलं, की नेडीनने त्याच्याकडून जानेवारीत कबूल करून घेतलं होतं, आणि त्याने उशीर केला.

ऑर्व्हिल पहिल्यांदाच किंचित हसला. "मला अंदाज होता. तुला सांगून ठेवलं असणारच. पण तुला ओळखत होती ना ती. तू विचार करत बसशील हे तिला माहीत होतं."

लीलंडला ते लागलं, आणि ते खरं होतं म्हणून जास्त लागलं. मरणाच्या दारात असलेल्या बाईने त्याला एक काम सांगितलं होतं, पण त्याआधीच तिने ते स्वतःच्या कापऱ्या हातांनी करून ठेवलं होतं, त्याच्याच्याने होणार नाही म्हणून.

ऑर्व्हिलने पिस्तूल उचललं, उघडून आत बघितलं आणि दिलं. लीलंडनेही घेतलं तसं आत बघितलं. नवा डबाही त्याने उचलला आणि दोन्ही आपल्या गाडीत ठेवून कुलूप लावलं. परत येऊन त्याने ऑर्व्हिलच्या हाताकडे बोट केलं. खोटीच होती ती, पण त्याला आज काहीच मागे ठेवायचं नव्हतं.

"ती पण दे."

"ती नाही," ऑर्व्हिल म्हणाला. "तिच्या हातची शेवटची आहेत." त्याने एकेक करून ती शर्टाच्या खिशात टाकली आणि बटण लावलं.

लीलंडने मग हट्ट केला नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग होता, पण दोघांनाही जायचं नव्हतं. छपराचं काम आहे, शिडी घेऊन सकाळी येतो, असं त्याने सांगितलं. ऑर्व्हिलने खुर्च्या मिटून गाडीत टाकल्या. तिसरी त्याने सगळ्यांत शेवटी मिटली. त्यासाठी तो वाकला तेव्हा खिशातली काडतुसं खुळखुळली, आणि त्याने चटकन त्यांच्यावर हात ठेवला.