मादीनची किडनी

फेब्रुवारीतला तिसरा मंगळवार, सकाळचे साडेदहा. टेबलावर सावियोचा रिपोर्ट होता, क्रिएटिनिन ९.८. खोलीत आम्ही चौघे होतो: सावियो, त्याची आई आंजेलिना, किडनी देणारी लुर्दिना आणि मी.

मी इस्पितळात ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे. ऑपरेशन डॉक्टर करतात. ते कायद्यात बसते की नाही, याचे कागद मी जमवतो. क्रिएटिनिन हा रक्तातला कचरा. किडनी तो बाहेर टाकते. निरोगी माणसात हा आकडा एकच्या आसपास असतो. सावियोचा काय होता ते वर लिहिलेच आहे.

सावियो एकतीस वर्षांचा, पेडण्याकडचा. मुरगावच्या धक्क्यावर क्रेन चालवायचा. दोन वर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होते. डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडून जी वाट करतात ती दोन्ही हातांत बंद पडली होती. आता मानेत नळी होती आणि तिला दोनदा इन्फेक्शन झाले होते. तिसऱ्यांदा झाले तर काय, याचे उत्तर डॉक्टर देत नव्हते. वडील वारलेले, भावंड नाही, लग्न नाही. आईला डायबिटीस, त्यामुळे तिची किडनी चालत नव्हती. मृत दात्यांच्या यादीत नाव होते, पण नंबर कधी लागेल ते कोणालाच सांगता येत नव्हते.

लुर्दिना बावन्न वर्षांची विधवा. मूलबाळ नाही. चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे व्हिनेगर घातलेले सॉसेज, करून विकायची. अर्जात ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना असतो. तिथे तिने ‘मादीन’ लिहिले होते. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातात धरून त्याच्या श्रद्धेची जबाबदारी घेते ती मादीन. चर्चच्या दृष्टीने हे मोठे नाते आहे. कायद्याच्या जवळच्या नातेवाइकांत आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे, भावंडे, नवराबायको आहेत. मादीन नाही. अशा वेळी ऑथोरायझेशन कमिटीपुढे जावे लागते. देणारा पैशासाठी किंवा दबावाखाली देत नाही ना, हे ती कमिटी तपासते.

मी लुर्दिनाला विचारले, “तुम्ही स्वतःहून देता ना?”

उत्तर आंजेलिनाने दिले. “देता ना म्हणजे? दितलीच ती. आमच्या खुरसाकडे लदीन झाली तेव्हाच मी आंगवण केली. चाळीस माणसांनी ऐकलं.”

वाडा म्हणजे गावातली वस्ती, आणि तिथल्या क्रॉसला आमच्याकडे खुरीस म्हणतात. तिथे संध्याकाळी वाडा जमून जी प्रार्थना गातो ती लदीन. आंगवण म्हणजे नवस. आंजेलिनाने सगळ्यांसमोर उभे राहून सायबिणीला, म्हणजे मेरी मातेला, सांगितले होते की माझ्या पुताला त्याची मादीन किडनी देणार, ही माझी आंगवण. मग सगळ्या बायकांनी लुर्दिनाला मिठ्या मारल्या.

लुर्दिना टेबलाकडे बघत होती. मी आई-मुलाला बाहेर बसायला सांगितले. देणाऱ्याशी एकट्याने बोलायचे, हा नियमच आहे. तो मी आधी पाळायला हवा होता. रक्ताच्या तपासण्या, क्रॉसमॅच, सह्या सगळे झाल्यावर पाळत होतो. चूक माझी.

क्रॉसमॅच म्हणजे दोघांचे रक्त एकत्र करून ते भांडते का बघणे. ते भांडले नव्हते.

“आंगवण करण्याआधी तिने तुम्हाला विचारलं होतं?”

“म्हाका कोणेंय विचारूंक ना,” ती म्हणाली. मला कोणीच विचारले नाही. “आता नुस्तेकान्न मला दोन बांगडे जास्त घालते. म्हणते, तू सांतीण. सांतीण ना कसली. रात्रीची झोप नाही.” नुस्तेकान्न म्हणजे मासेवाली, सांतीण म्हणजे संत बाई.

“बाप्तिस्म्यात शब्द दिलाय म्हणून देता का?”

“पाद्रीन तेव्हा विचारलेलं, याची श्रद्धा सांभाळशील? मी हय म्हटलं. किडनीचं काय तो उलयलो ना.” म्हणजे बोलला नाही.

मी तिला एक वाट सांगितली. देणाऱ्याला माघार घ्यायची असेल तर आम्ही घरच्यांना एवढेच कळवतो की ही व्यक्ती दाता म्हणून योग्य नाही. कारण देत नाही. तिच्यावर बोल येत नाही.

“म्हणजे फट मारणार तू.” फट म्हणजे खोटे.

“कारण सांगणार नाही, इतकंच.”

“फटच ती.” ती म्हणाली, “बाब, मला द्यायची आहे का नाही तेच कळत नाही. विचार करायला जागाच ठेवली नाही कोणी.”

मी फाइलवर ‘होल्ड’ लिहिले.

दुपारी डॉक्टरांनी बोलावले. “मॅच चांगली आहे. बाई फिट आहे. सही आहे. अडलं कुठे?”

“तिला विचारलेलं नाही, सर.”

“सही कोणाची मग?”

“सही तिचीच. हो मात्र वाड्याचं आहे.”

“त्याच्या मानेतली नळी किती दिवस टिकेल असं वाटतं तुम्हाला?”

“ते तुम्ही सांगायचं, सर. मला पंधरा दिवस हवेत.”

त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. मग म्हणाले, “पंधरा. सोळावा नाही.”

संध्याकाळी आंजेलिनाचा फोन आला. होल्डचे तिला कळले होते. “तुम्ही हिंदू. आमच्या सायबिणीचं तुम्हाला काय कळणार?”

मी म्हटले, “बाई, आमच्या गावी सर्वणात माझी आईपण आंगवण करते. ती स्वतः उपास धरते. शेजारणीला उपाशी ठेवत नाही.”

तिने फोन ठेवला. बोललो ते खोटे नव्हते, पण तिचा मुलगा मरणाच्या दारात होता. ते वाक्य मी बोलायला नको होते.

गुरुवारी सावियो डायलिसिसच्या खुर्चीवर भेटला. चार तास मशीनला बांधलेला माणूस टाळता येत नाही, आणि मी टाळणार नव्हतो. त्याला आंगवणीचे माहीत होते. लुर्दिनाला आधी विचारलेच नव्हते, हे मात्र माहीत नव्हते. ते लुर्दिनानेच त्याला आदल्या दिवशी घरी जाऊन सांगितले होते.

“अशी नको मला, सर,” तो म्हणाला. “मम्मीला सांगितलं, खुरसाकडे बोललीस ना, तिथंच परत घे.”

“तुला कळतंय ना, त्याचा अर्थ काय होऊ शकतो?”

“कळतंय. देवान मला आजपर्यंत वेळ दिला. पुढचा द्यायचा का नाही ते त्याचं. मादीनच्या मानेवर बसून मागून घेतला, तर तो देवान दिलेला नव्हे.”

हे तो ओरडून किंवा रडून बोलला नाही. त्याने नर्सला पंखा कमी करायला सांगितले आणि डोळे मिटले. माझा स्वतःचा देवावर विश्वास साधारण आहे, सणावारी पुरेल इतका. त्या खुर्चीवर मी असतो तर फाइल पुढे ढकला म्हटले असते.

त्याच रविवारी काय झाले ते मला नंतर लुर्दिनाने सांगितले. ती आधी विगाराकडे, म्हणजे गावच्या मुख्य पाद्रीकडे, गेली होती. विगार म्हणाला, आंगवण करणाऱ्यालाच बांधते. दुसऱ्याच्या शरीराची आंगवण होत नाही, आणि तू नाही म्हटलेस तर पाप नाही. लदीन संपल्यावर आंजेलिना पुन्हा उभी राहिली. त्याच चाळीस माणसांसमोर म्हणाली की मी चुकले, ती आंगवण मोडली, माझा पूत मी सायबिणीच्या हातात दिलाय, पुढे तिची खुशी. कोणी कोणाला मिठी मारली नाही. लदीनीनंतर चणे वाटतात, ते घेऊन सगळे घरी गेले.

मग काहीच झाले नाही. मी लुर्दिनाला फोन केला नाही, कारण माझा फोनही दबावच ठरला असता. आठव्या दिवशी सावियोला ताप आला. नळीत तिसरे इन्फेक्शन. डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये मला पाहिले आणि पुढे गेले. अँटिबायोटिकने ताप उतरायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी तिचा नंबर दोनदा काढला आणि दोनदा फोन खिशात ठेवला.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी ती आली. म्हापशाच्या बाजारातून थेट, रिकामी टोपली घेऊन. खोलीत व्हिनेगरचा वास पसरला.

“आतां विचार,” ती म्हणाली.

मी छापील प्रश्न पहिल्यापासून विचारले. देण्याचे कारण काय, या प्रश्नाला ती म्हणाली, “वाड्यान मागितली, त्याच्या मम्मीन मागितली, तुझ्या डॉक्टरान मागितली. एकट्या त्यानं नको म्हटलं. त्याला देते.”

“त्याला ताप आला म्हणून?”

“तापाचं मला तुझ्या खालच्या वॉचमनकडून आत्ता कळलं. घरातून ठरवून निघालेलें.”

मी वॉचमनला जाऊन विचारले. तो हो म्हणाला. वेळही सांगितली. मी ती लिहून घेतली.

कमिटीत पाच माणसे होती. मी आंगवणीचे सगळे, मोडल्याच्या रविवारासकट, अहवालात दिले होते. डॉक्टरांना वाटत होते की यामुळे केस पडेल. कमिटीतल्या एका मॅडमनी नेमके तेच धरले.

“तुम्ही किडनी दिली नाही तर देव रागावेल असं वाटतं का?”

“ना,” लुर्दिना म्हणाली. “विचारून आयल्यां.”

मॅडमनी पुढचे पान उलटले. मंजुरी त्याच दिवशी मिळाली.

ऑपरेशनला साडेचार तास लागले. सातव्या दिवशी सावियोचे क्रिएटिनिन १.३ होते. लुर्दिना पाचव्या दिवशी घरी गेली. तीन महिन्यांनी सावियो धक्क्यावर परतला, क्रेनवर नाही, ऑफिसात. नवी किडनी कायम टिकत नाही आणि गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. हे मी दोघांना सांगितले होते, इथेही सांगतो.

तेव्हापासून मी एक बदल केला आहे. देणाऱ्याला पहिल्याच दिवशी, रक्त काढण्याआधी, एकट्याला भेटतो. आणि हो म्हटले याच्या आधी, ते कोणासमोर म्हटले हे लिहितो.

एक हिशेब राहिला होता. किडनीची किंमत घेणे गुन्हा आहे. मात्र देणाऱ्याची बुडालेली कमाई भरून द्यायला कायदा परवानगी देतो. मी ते लुर्दिनाला भीतभीतच सांगितले. ती लगेच बोटे मोजू लागली. आठ शुक्रवार बाजार चुकला होता, खर्च वजा जाता शुक्रवारचे चौदाशे.

“किडनी दिली ती दिली,” ती म्हणाली. “चोरीस मी फुकट देत नाही.”

आठ गुणिले चौदाशे, अकरा हजार दोनशे रुपये. सावियोच्या पगाराच्या खात्यातून, चेकने, लुर्दिनाच्या नावावर. पावती फाइलला लावली आहे.