जडत्वाची फेरी

शाळेत विज्ञानाच्या बाई तीन होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच यायच्या. आठवीला बल आणि गती शिकवणाऱ्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवून तोच टेबलाखाली शोधणाऱ्या. पाठांतराचा त्यांना भयंकर तिटकारा. एखाद्या पोराने उभं राहून जडत्वाची व्याख्या घडाघडा म्हणायला सुरुवात केली की बाई त्याला हात जोडत. “पुरे रे बाबा! पोपटालासुद्धा पेरू दाखवावा लागतो, तू आपणहून सुटतोस. चल, ते कपाट ढकल.”

वर्गात चाकं लावलेलं एक लोखंडी कपाट होतं. आधी ते रिकामं ढकलायचं, मग पुस्तकांनी गच्च भरून. रिकामं कपाट एकट्याच्या धक्क्याने पळायचं. भरलेलं हलवताना चौघांना घाम फुटायचा, आणि हललं की ते थांबवताना पुन्हा चौघांच्या नाकी नऊ यायचे.

“कळलं जडत्व?” बाई विचारत.

“कळलं, बाई.”

“कुठे कळलं?”

“खांद्याला.”

“शाबास. खांद्याला कळलेलं परीक्षेनंतरही राहतं.”

बाईंचं लग्नसुद्धा जडत्वानेच जमलं, असं शिक्षकांच्या खोलीत चेष्टेने म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नोकरी नवी असताना त्या रोज बसने यायच्या. एकदा ड्रायव्हरने असा ब्रेक मारला की बाई मधल्या वाटेतून थेट त्याच्या सीटपाशी येऊन आदळल्या. राग तर नाकावरच होता. त्यांनी त्याला तिथल्या तिथे धडा शिकवला, आणि तोही अक्षरशः. “बस थांबली, माझे पाय बसबरोबर थांबले, पण वरचं अंग कोण थांबवणार? ते आपल्या आधीच्याच वेगाने पुढे जातं. तुम्ही सावकाश थांबवलं असतं तर मला सावरायला वेळ मिळाला असता!” ड्रायव्हर तरुण होता, गप्प ऐकून घेत होता. दुसऱ्या दिवशी त्याने बस इतकी अलगद थांबवली की बाईंना शाळा आल्याचं कळलंच नाही आणि त्या पुढच्या स्टॉपवर उतरल्या. याही गोष्टीवरून त्या भांडल्या. वर्षभराने लग्न झालं.

त्यानंतर ड्रायव्हरने आपला ब्रेक जपला, जसं एखादा गवई आपला गळा जपतो. त्याच्या बसमध्ये म्हातारीकोतारी माणसं दांडा न धरता उभी राहायची. डेपोत त्याला ‘लोणी’ म्हणत. या नावाचा त्याला मनातून अभिमान होता, वरवर तो चिडल्यासारखं करायचा.

तर या लोण्यालाच बाईंनी कामाला लावलं. दरवर्षी बल आणि गतीचा धडा निघाला की एका दुपारी, पाळी संपवून ड्रायव्हर रिकामी बस डेपोकडे न्यायला लागला की शाळेच्या फाटकाशी आठवीचा वर्ग चढायचा. हीच ती जडत्वाची फेरी. डेपोजवळचा रस्ता रुंद आणि ओसाड होता. पोरं दोन्ही हातांनी दांडा धरून उभी राहायची, बाई पुढे उभ्या राहून हात वर करायच्या, आणि आरशात तो हात दिसला की ड्रायव्हर जरासा ब्रेक दाबायचा. सगळा वर्ग एकदम पुढे झुकायचा. “कुणी ढकललं तुम्हाला?” बाई ओरडायच्या. “कुणीच नाही, बाई!” वर्ग ओरडायचा. परवानगीचं म्हणाल तर मुख्याध्यापिका “मला यातलं काही सांगू नका” असं म्हणून परवानगी द्यायच्या. डेपोवालेही काणाडोळा करायचे. हाताच्या कांकणाला आरसा कशाला, इतका तो प्रयोग स्वच्छ होता. एक नियम मात्र बाईंचाच होता: फेरीच्या वेळी बसमध्ये बाहेरचं माणूस नको.

यंदा तो नियम बाईंनीच मोडला. शेवटच्या स्टॉपवर एक म्हातारे शिंपी कापडाचं गाठोडं घेऊन उभे होते. दुकान डेपोच्या अलीकडच्या वळणावर, गुडघे दुखरे. बाईच म्हणाल्या, “घ्या हो त्यांना. काका, पुढे बसा. उठू नका हं मध्येच.” शिंपीकाका बसले. दयेपोटी केलेली गोष्ट होती, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. नावं ठेवायची तर पुढच्या गोष्टीला.

बाईंनी हात वर केला, ड्रायव्हरने लोण्यासारखा ब्रेक दाबला, आणि मागून एक पोरगा जांभई देत म्हणाला, “बाई, काहीच वाटलं नाही.” दुसरा म्हणाला, “यापेक्षा पाळण्यात जास्त हलतं.” वर्ग हसला. बाईही हसल्या, पण ते हसणं त्यांना लागलं. आपली फेरी, आपला प्रयोग, आणि पोरं जांभया देतात! त्यांनी पुन्हा हात वर केला आणि या वेळी मूठ आवळली. ही खूण आधी कधी ठरलेली नव्हती, पण इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला बायकोची मूठ कळते. बस चांगल्या वेगात होती. ड्रायव्हरने आरशातून एकदा बघितलं, विचारल्यासारखं. बाईंनी मूठ हलवली. त्याने ब्रेक दाबला.

बाईंचं तोंड मुलांकडे होतं. त्यांच्या पाठीमागे शिंपीकाका वळण जवळ आलं म्हणून उठले होते, आणि गाठोडं दोन्ही हातांत धरलं होतं.

जो आवाज झाला तो बाई कुणालाही सांगत नाहीत. काका पुढे फेकले गेले, उजवा हात आधी जमिनीला लागला. सावकाश थांबणाऱ्या माणसाला थोडं बल पुरतं. तोच वेग एका क्षणात थांबवायचा तर बल कितीतरी जास्त लागतं. बाई हे फळ्यावर लिहीत आल्या होत्या. आता ते त्यांच्या पायाशी, एका मनगटात झालं होतं.

डेपोच्या फाटकातून माणसं धावत आली. “काय झालं? काय झालं?” आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत ड्रायव्हर म्हणाला, “कुत्रं आडवं आलं.” म्हणताना त्याने बाईंकडे बघितलं. बाई मूग गिळून उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी केलेली दुसरी चूक ती.

डेपोने चौकशी लावली आणि चौकशी संपेपर्यंत ड्रायव्हरला घरी बसवलं. घरी बसणं त्याला जमत नव्हतं. तो खिडकीशी खुर्ची ओढून रस्त्यावरच्या गाड्या बघत राही आणि बाई भांडी आपटत राहत.

“खरं सांगूया,” तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या.

“कुणाचं खरं? पाय माझा होता.”

“मूठ माझी होती.”

“अगं, माझी गेली तर एक नोकरी जाईल. तुझं नाव आलं तर दोघांच्या जातील. आणि पोरांना गाडीत घालून असले खेळ करतात म्हटल्यावर तुला कुठली शाळा दारात उभी करेल?” तो खुर्चीतून उठला नाही. “शिकवल्याशिवाय तू राहशील का? मी बघितलंय ना, सुट्टीत तू मला शिकवतेस.”

बाईंना रडू आलं. हा माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. तो त्यांच्यासाठी बोलला होता, आणि तेच त्यांच्या छातीवर दगडासारखं बसलं होतं.

शाळेत त्यांनी धडा पुढे नेला. घर्षण काढलं, फळ्यावर चौकोन काढला, बाण काढले. मागच्या बाकावरचा जांभईवाला पोरगा उभा राहिला. त्या दिवसापासून तो जांभई द्यायचंच विसरला होता.

“बाई, तुम्ही काळजी करू नका. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. आम्हाला कुत्रं दिसलं.”

“मला पण दिसलं,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. “तपकिरी होतं.”

“काळं होतं गं.”

“तपकिरी! एक कान फाटका होता.”

“तू कुठे उभी होतीस?” बाईंनी तिला विचारलं.

“शेवटी, बाई. मागच्या काचेशी.”

“तोंड कुणीकडे होतं?”

“मागे. पण तरी दिसलं, बाई.”

वर्गात कुणी हसलं नाही. सगळे बाईंकडे बघत होते. त्या नजरेत इतकी माया होती की बाईंनी तोंड फळ्याकडे वळवलं. प्रयोगात उत्तर जुळावं म्हणून कुणी आकडा जरा सरकवला की याच बाई वर्ग डोक्यावर घ्यायच्या. “जे दिसलं ते सांगा, जे दिसायला हवं होतं ते नको!” आणि आता हीच पोरं त्यांच्या प्रेमापोटी एका कुत्र्याला फाटका कान लावत होती. उद्या कुणी साहेब विचारायला आला तर ती शेपटीही सांगतील, आणि सांगताना कचरणार नाहीत. खोटं बोलणं वाईट असतं हे त्यांना ठाऊक होतं. बाईंसाठी बोललं तर चालतं, हे ती नव्याने शिकत होती. ते शिकवलं कुणी, हे विचारायची बाईंना गरज नव्हती.

त्यांनी खडू ठेवला. “कुत्रं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मी मूठ दाखवली म्हणून ब्रेक लागला. तुम्ही कुणालाही कुत्रं सांगायचं नाही.” त्या तास संपायच्या आधीच वर्गाबाहेर पडल्या आणि तशाच हॉस्पिटलकडे चालू लागल्या. बसने जायचं धैर्य त्यांना झालं नाही.

शिंपीकाका खिडकीजवळच्या खाटेवर होते. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत बांधलेला. बाईंना बघताच त्यांचा चेहरा फुलला आणि ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाले, “ह्याच बरं का त्या. ह्यांच्याच यजमानांनी कुत्रं वाचवलं.” शेजारच्याने मान हलवली. ही गोष्ट त्याने बऱ्याचदा ऐकलेली दिसत होती.

“बसा, बाई. ड्रायव्हरसाहेबांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. मुकं जनावर ते. मला हात टेकता आला, त्याला काय टेकता येणार होतं?”

“हात कसा आहे, काका?”

“हाडं जुळतील म्हणतात. पण कात्री काही पुन्हा धरता यायची नाही.” त्यांनी ते असं सांगितलं की जणू दुसऱ्याच कुणाचा हात. “ठीक आहे. आयुष्यभर लोकांचं कापडच कापत आलो. जाता जाता एक जीव वाचला म्हणायचा. रात्री ठणकायला लागलं की मी त्या कुत्र्याचाच विचार करतो. रंग कुठला हो त्याचा? माझं तर सगळं लक्ष गाठोड्याकडे होतं.”

बाईंना तपकिरी आठवलं, काळं आठवलं. परत जावं, हे मनात आलंच नाही असं नाही. या माणसाकडून हात तर घेतलाच होता. आता त्याच्या उशाशी बसलेलं कुत्रंही आपण हाकलणार. खरं सांगून त्याला काय मिळणार? मिळणार ते आपल्यालाच: छातीवरचा दगड उतरणार. हे सगळं त्यांना स्वच्छ कळत होतं आणि तरीही गप्प बसता येत नव्हतं, कारण तिकडे आठवीचा एक अख्खा वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“काका, कुत्रं नव्हतं.”

“म्हणजे?”

त्यांनी सांगितलं. फेरी, जांभई, मूठ, सगळं. स्वतःची बाजू घेतली नाही. नवऱ्याची थोडी घेतली. काका ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

“पोरांना हसू यावं म्हणून?” काकांनी विचारलं.

“पोरांना कळावं म्हणून.” मग बाईंनाच ते उत्तर खोटं वाटलं. “नाही. मला वाईट वाटलं होतं, त्यांना जांभया आल्या म्हणून.”

काकांनी डाव्या हाताने बांधलेला हात उचलून मांडीवर घेतला, जड वस्तू उचलावी तसा. “कुत्रं होतं तोवर कमी दुखत होतं, बाई.”

बाई रडत होत्या. माफी मागायलाही त्यांना लाज वाटत होती.

“उद्या डेपोचे साहेब माझ्याकडे येणार आहेत,” काका म्हणाले. “त्यांना कोण सांगणार, मी की तुम्ही?”

“मी सांगेन, काका. उद्या सकाळी जाऊन—”

“उद्या नको. आत्ता जा.” त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. “आत्ता मला तुमचा राग आलाय. उद्यापर्यंत तुमची दया येईल, आणि मग मीही साहेबांना कुत्रंच सांगेन.”