गच्चीवरचा वाल आणि बोगस सांभार

सकाळचे आठ. अकोला, गोरक्षण रोड, आमच्या घराची गच्ची. हजर माणसं चार: मी, माझी बायको सुनंदा, बियाण्यांचे दुकानदार दिगांबरभाऊ आणि पंचनाम्याला आलेला कृषी हापिसातला तरणा निरीक्षक.

दुसऱ्या कोणाची बातमी असती तर इथून पुढे सरळ लिहीत गेलो असतो. पण या बातमीत उघडा पडला तो मी. म्हणून जरा मागून येतो. तुम्ही चहा घ्या, माझी फजिती कुठे पळून जात नाही.

झालं असं, की दसऱ्याच्या सुमाराला अमरावतीहून संपादकाचा फोन आला. वयानं माझ्या मुलासारखा.

"सर, रविवारच्या पुरवणीसाठी काहीतरी हलकंफुलकं द्या ना. घरच्या कुंडीत काय लावावं, वालाच्या शेंगा की कोथिंबीर? दोघांची तुलना."

हलकंफुलकं! ज्या माणसानं सारी हयात बोगस बियाण्यांच्या बातम्या देण्यात घालवली, ज्याला पाहून दुकानदार शटर ओढायचे, त्यानं आता कोथिंबिरीवर लिहायचं?

"आमच्या वऱ्हाडात तिला सांभार म्हणतात," एवढंच बोलून मी फोन ठेवला.

पण राग आला की मी कामाला लागतो, हा माझा स्वभाव. ठरवलं, तुलना करायची तर अशी करायची की अमरावतीवाल्यांनी तोंडात बोट घातलं पाहिजे. दिगांबरभाऊंच्या दुकानातून एकाच दिवशी वालाचं आणि सांभाराचं पाकीट आणलं. गच्चीवर कुंड्यांच्या दोन रांगा लावल्या. माती तीच, ऊन तेच, पाणी मापून.

सुनंदा मोर्शीची. तिचं माहेर संत्र्याच्या बागेतलं. ती म्हणाली, "देऊ का लावून? दोन मिनिटांचं काम आहे."

"अजिबात नाही. ही चाचणी आहे. कुंड्यांना हात लावायचा नाही, आणि मी काय करतो त्यावर एक शब्द बोलायचा नाही."

"नाई बोलत बापा," ती म्हणाली. आणि खरंच बोलली नाही. लग्न झाल्यापासून माझा एवढा एकच हुकूम तिनं पाळला. तोही नेमका हा!

पाचव्या-सहाव्या दिवशी वाल उगवला. काय त्याचा तोरा! माती फोडून, मान वाकडी करून, स्वतःचं बी डोक्यावर घेऊन वर आला. म्हणजे ओळख पटवायला पुरावा सोबतच. मी तर बेहद्द खूश.

सांभाराच्या कुंड्यांत मात्र सांभार नाही. आलं ते निव्वळ गवत. बारीक दांडी आणि त्यावर दोन लांबट, अरुंद पाती. कुठे एक, कुठे चार.

आता मी शेतकऱ्याच्या घरातला. बार्शीटाकळीकडे आमची काळी कसदार जमीन. तण दिसलं की मला चैन पडत नाही. रोज सकाळी खाली बसायचो आणि एकेक काडी मुळासकट उपटायचो. कचरा इकडेतिकडे उडू नये म्हणून एका ताटलीत टाकायचो आणि ताटली जिन्यात ठेवून द्यायचो. ती रिकामी होऊन परत यायची. घरात शिस्त असली की अशी!

खरं सांगायचं तर शेतात मी कधी निंदण केलं नव्हतं. आमच्याकडे ते बायांचं काम. बाया रांगेनं ओणव्या होऊन तण काढत पुढे सरकायच्या आणि मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पेपर वाचायचो. पण 'मी शेतकऱ्याचा मुलगा' म्हणायला तेवढं पुरतं की नाही?

पंधरा दिवस उलटले. वाल सुतळीवर चढला. सांभाराच्या कुंड्या स्वच्छ, साफ, बोडक्या. आणि माझ्यातला बातमीदार जागा झाला. बोगस बियाणं!

तडक दुकान गाठलं. दिगांबरभाऊ गिऱ्हाइकाला हरभऱ्याचं बियाणं दाखवत होते. त्याच्यासमोरच मी सुरू झालो.

"एक रोप उगवलं नाही, भाऊ! एक! लोकांना फसवता?"

"काहून बोंबलून राह्यले? जरा बसा त. पानी पाजलं होतं का?"

"मला शिकवता? वाल उगवला ना त्याच पाण्यावर!" असं म्हणत मी त्यांच्या नाकासमोर बोट नाचवलं.

ते मागे सरकले. मग हुंगल्यासारखं करून म्हणाले, "सांभारवडी खाऊन आले का भाऊ? बोटाले घमघम वास येऊन राह्यला."

एवढी गंभीर तक्रार, आणि हा माणूस वडीची चेष्टा करतो? मी तिथल्या तिथे कृषी हापिसात फोन लावला. माझा फोन गेला की हापिसं अजून हलतात. त्याच दिवशी निरीक्षक आला, त्यानं सांभाराच्या त्या खेपेची सारी पाकिटं एका खोक्यात भरली, सील ठोकलं आणि विक्रीबंदीचा आदेश दुकानाच्या दारावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी माझी बातमी पहिल्या पानावर. पुरवणी गेली खड्ड्यात!

आदेश फक्त सांभारापुरता होता. पण दारावर लाल शिक्क्याचा कागद दिसला की लोक आत येतात का? ऐन रब्बीच्या पेरणीत दिगांबरभाऊंच्या दुकानावर शुकशुकाट. बापानं सुरू केलेलं दुकान, आणि ओळखीचे शेतकरी समोरून मान खाली घालून पुढच्या दुकानात जाऊ लागले. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात चेष्टा उरली नव्हती.

"भाऊ, तुमी माझं दुकान बंद करायले निंगाले. ठीक आहे. पण पंचनामा तुमच्या गच्चीवर झाला पाह्यजे. मले माह्या डोळ्यानं पाहू द्या."

आणि म्हणून ती सकाळ.

मी निरीक्षकाला कुंड्या दाखवत होतो, अगदी मंत्र्याला धरणाची भिंत दाखवावी तसा. "पाहा. इकडे वाल. तिकडे शून्य."

"शून्य कसं सर? हे काय?" त्यानं एका कुंडीत बोट दाखवलं. रात्रीतून एक काडी वर आली होती.

"हे होय? तण आहे हे. रोज येतं मेलं." आणि मी सवयीनं ती काडी चिमटीत धरून उपटली.

"अरे बापा!" दिगांबरभाऊ ओरडले. "काहून उपटलं? सांभार आहे ना तो!"

"हे सांभार? सांभाराचं पान कातरलेलं असतं, भाऊ! मी काय सांभार पाहिला नाही?"

"कातरलेलं मागून येते! पयले दोन पानं असेच निंगतात, गवतावानी!"

निरीक्षकानं ती काडी माझ्या हातातून घेतली, बोटांत चुरगाळली आणि नाकाशी नेली. मग ती माझ्या नाकाशी धरली.

कसा वास यावा? सांभाराचा आला.

मी सुनंदाकडे वळलो. बुडणारा माणूस बायकोकडे वळतोच. "तू रोज पाहत होतीस ना? बोलली का नाहीस?"

"तुमीच म्हनले, एक शब्द बोलायचा नाई. मले वाटलं, कोवळा सांभार खुडून राह्यले. ताटली भरून ठेवत होते, मी वरणात टाकत होती."

"वरणात?"

"मंग! परवाच त म्हनले तुमी, वरण लय मस्त झालं म्हनून."

म्हणजे ज्या बियाण्याला मी पहिल्या पानावर बोगस ठरवलं, ते पंधरा दिवस माझ्याच पोटात जात होतं!

"अगं, पण बातमी तर वाचलीस ना तू?"

"तुमच्या बातम्या?" ती शांतपणे म्हणाली. "त्या वाचायच्या बंद केल्या त्याले जमाना झाला."

निरीक्षक पंचनाम्याच्या कागदात तोंड खुपसून खोकायला लागला. दिगांबरभाऊ हसले नाहीत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आता माह्या दुकानाचं काय?"

तो प्रश्न मला अजून सोडत नाही. तुलना करायला निघालो होतो ना? ती झाली, पण भलत्याच अंगानं. वाल पहिल्या दिवसापासून स्वतःचं बी मिरवत येतो, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. सांभार आधी परक्या तोंडानं येतो आणि थोडी सवड मागतो. मी ती दिली नाही. तुम्ही घरी लावणार असाल तर खुशाल दोन्ही लावा. वालाला चढायला आधार द्या, आणि सांभाराकडे निदान महिनाभर बोटं नेऊ नका. एवढ्या दोन ओळींचा लेख मागितला होता अमरावतीनं. आणि मी रोज पुरावा स्वतःच्या हातानं उपटून, मग पुरावा नाही म्हणून आरडाओरडा केला. याआधी असं किती जणांच्या बाबतीत केलं असेल, या विचारानं त्या दिवशी जेवण गेलं नाही. वरण तर नाहीच.

मी खुलासा लिहिला, पहिल्याच पानावर छापून घेतला. तक्रार मागे घेतली. लोक हसले आणि हळूहळू दिगांबरभाऊंच्या दुकानात परत जाऊ लागले. पण बंदीचा आदेश? तो काही निघेना. निरीक्षकाची बदली चिखलदऱ्याला झाली. त्याच्या जागेवर बसलेला म्हणतो, आदेश मी काढला नाही, मी कसा उठवू? वरचे साहेब म्हणतात, खालून प्रस्ताव येऊ द्या. खालचे म्हणतात, तक्रारच नाही तर प्रस्ताव कशावर करू?

संतापून मी संपादकाला फोन केला. "हापिसाच्या बेजबाबदारपणावर कडक बातमी देतो!"

"द्या ना सर. पण मूळ तक्रार कोणाची होती?"

"माझी."

"मग दुसरी बाजू म्हणून तुमचीच प्रतिक्रिया घ्या."

दिगांबरभाऊंच्या दुकानात ते खोकं आजही सीलबंद आहे. आतल्या बियाण्याची मुदत होळीला संपते. बंदी माझ्या एका फोनवर त्याच दिवशी आली होती. ती उठवायला सही कोणाची लागते, हे त्या हापिसातल्या कोणी अजून सांगितलेलं नाही.