निरोप सांगणारा कडूबा

कडूबा माझ्या खानावळीत जेवतो. क्रांती चौकामागं एका खोलीत राहतो, वाळूजला कंपनीत कामाला जातो. बायको वारली. एकुलती लेक आवडा, ती लासूर स्टेशनला दिलेली. ताटात काय पडलं हे न बघता जेवणाऱ्या माणसाचा मला लई राग येतो, पण ह्याला काय बोलावं!

ह्याचं वाटोळं केलं तात्यासाहेबांनी. रिटायर मास्तर, कामगारांची नाटकं बसवायचे. एका साली त्यांनी जुन्या धर्तीची शोकांतिका बसवली. राजा आपल्याच एका चुकीनं बुडतो. त्या चुकीला ते 'प्रमाद' म्हणायचे. मरण स्टेजवर दाखवायचं नसतं म्हणे, निरोप्या येऊन सांगतो. तो निरोप्या कडूबा. राणीच्या दारात यायचा, घोटभर पाणी मागायचा, म्हणायचा, "काही नाही, सहज आलो." मग हळूहळू राजा गेल्याचं सांगायचा. आख्खं थिएटर रडलं, मीबी रडले. तात्यासाहेब म्हणाले, ह्याला विरेचन म्हणतात, मन हलकं होतं. आमचं झालं असंल. त्याचं नाय झालं.

त्याच साली कंपनीतला फकिरा मोटारसायकलवरून पडून गेला. घरी सांगणार कोण? सगळे म्हणाले, कडूबाला धाडा, त्याला सांगता येतं. गेला बिचारा. दारात पाणी मागितलं, "काय नाय, सहज आलो," म्हणाला, अन् लई सांभाळून सांगितलं. तवापासून कुणीबी गेलं की कडूबाच, अन् दारात तेच पाणी, तेच शब्द. नाय म्हणायचं ठाऊकच नाय मेल्याला!

पुढच्या नाटकात तर कहरच. उद्याचं शहर. माणसांना नावं नायत, नुसते नंबर. रडायलाबी बंदी. आज कोण नाहीसं झालं ते भिंतीतला भोंगा सांगणार. भोंग्याचा आवाज कडूबाचा, पडद्याआडून. तोंडसुद्धा दिसलं नाय त्याचं.

आवडाला दिवस गेले तवा हा पहिली पाळी संपवून, कंपनीच्या कपड्यातच, पेरू घेऊन लासूरला गेला. जावई बद्रीनाथबी वाळूजलाच, त्या वक्ताला ड्यूटीवर. दारात लेक उभी. अन् हा पठ्ठ्या काय म्हणाला? "पाणी दे गं. काय नाय, सहज आलो."

झालं! पोरीनं किंकाळी फोडली. सासू ऊर बडवायला लागली. हा ओरडतोय, "अगं, खरंच सहज आलो!" कोण ऐकतंय? बद्रीनाथ स्वतः फोनवर बोलला तवा कुठं घर थंड झालं. मग त्यानं सासऱ्याला सुनावलं, "मामा, आमच्या दारात पुन्हा उभं राहू नका."

मी तात्यासाहेबांना चारचौघात विचारलं, "राजाचा प्रमाद सांगता, आता ह्याचा सांगा. धड बोलता येतं, हाच ना?" विचारता विचारता मलाच रडू आलं.

आवडाला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी तिनं चोरून फोन केला, "बाबा, या. टेशनावर थांबा. ह्यांची अन् सासूबाईंची समजूत घालते, मग बोलावते." हा चांदीचे वाळे घेऊन गेला. दिवे लागताना परत आला. मी ताट वाढलं.

"झालं का बारसं?"

"झालं असंल. मी टेशनावर व्हतो. फोन नाय आला. घर जवळच हाय, आशाबाई. स्पीकरवरची गाणी ऐकू येत व्हती."

माझं डोकं फिरलं. "तडक जायचं ना! बाप हायेस तू!"

"पोरगी पुन्हा घाबरली असती."

त्यानं वाळे खिशातून काढून ताटाजवळ ठेवले. लहानसे, घुंगराचे. मला राहवलं नाय.

"नाव तरी काय ठेवलं नातवाचं?"

कडूबानं भाकरी मोडली. म्हणाला, "तुम्हाला कळलं तर येऊन सांगा मला."