तलासरीच्या नाक्यावर सांडणीस्वाराची वाट

नव्वदच्या आसपास मी डहाणूत राहायचो आणि तलासरीच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. परतीची एसटी वेळेवर यावी असा एसटीसकट कोणाचाच आग्रह नसे. त्यामुळे माझ्या बऱ्याच संध्याकाळी हायवेच्या कडेला एका चहाच्या टपरीवर गेल्या. टपरीवाल्या मावशी उंबरगावच्या. त्यांचं मराठी अर्ध्या वाटेत गुजरातीत शिरायचं आणि चहा उतू जायच्या आत परत यायचं. टपरीला चिकटून त्यांनी एसटीडी बूथ काढला होता, आणि त्या बूथपायी तिथे ट्रकवाल्यांचा मुक्काम असे.

ट्रकवाल्यांचं दुःख म्हणजे खड्डे आणि जागरण, असा माझा समज होता. पण खड्ड्यांना ते शिव्या देऊन मोकळे होत. मनात राग धरून बसत ते ऑफिसवर. माल भरताना ऑफिस म्हणे, "तलासरीला पोच आणि फोन कर." फोन केला की म्हणे, "थांब, निरोप येईल." मग थांबायचं. ट्रकखाली चटई टाकून झोपायचं आणि फोनपासून लांब जायचं नाही. एखादा हापशावर अंघोळीला गेला की नेमका तेव्हाच फोन येणार आणि "ड्रायव्हर जागेवर नव्हता" म्हणून भत्ता कापला जाणार. तलासरीच्या नाक्यावर न अंघोळलेले जे लोक दिसत, त्यांना पाण्याची नव्हे, फोनची अडचण असे.

एका चैत्रात तिथे जुन्नरकडचा एक ड्रायव्हर येऊन अडकला. धिप्पाड, मिशाळ. त्याचा क्लीनर दुसऱ्या दिवशीच दुसऱ्या ट्रकवर बसून निघून गेला होता. त्याला कोणाच्या निरोपाची वाट पाहायची नव्हती. मी चहा घेत होतो, तोच बाकावरून गर्जना झाली.

"प्रधानजी! सीमेवरून सांडणीस्वार आला का?"

माझा चहा बशीत गेला. मावशी म्हणाल्या, "घाबरू नका गुरुजी. राजा छे. सकाळपासून असाच ओरडतोय."

गावच्या जत्रेतल्या नाटकात तो राजा होता. दोन वर्षं भूमिका त्याला दिली गेली आणि दोन्ही वर्षं ऑफिसने त्याला वाटेत कुठेतरी थांबवून ठेवलं. राजा झाला तो गावचा पोस्टमन, आणि तो म्हणे पत्र वाचल्यासारखा बोलायचा. यंदा मंडळींनी बजावलं होतं, आलास तर ठीक, नाहीतर मुकुट कायमचा पोस्टमनचा.

"माल उतरला की रजा कबूल आहे, गुरुजी," तो म्हणाला. "ट्रक भिवंडीच्या डेपोत लावतो, एसटीनं घाट चढतो. पण उतरवायचा कुठं ते तर सांगा कुणीतरी!"

मराठीचा मास्तर दिसल्यावर त्याने मला प्रधान केलं. त्यात अवघड काही नव्हतं. राजा पहिला सबंध अंक निरोपाची वाट पाहतो आणि प्रधान म्हणतो, "नाही महाराज." नाटककार कोण होता कोण जाणे, पण त्याने ट्रान्सपोर्टमध्ये काही वर्षं काढली असावीत. पुढे पुढे बूथमधला फोन वाजला की सगळी टपरीच ओरडू लागली, "सांडणीस्वार आला!" तो नेहमी दुसऱ्याच कोणासाठी असे.

त्याच वेळी टपरीपासून हाकेच्या अंतरावर राजाच्याच ट्रान्सपोर्ट कंपनीचं 'चालक विश्रांती भवन' उभं राहिलं होतं. कंपनीचे शेठ मुंबईहून येऊन उद्घाटन करणार होते. भवनात दोन खोल्या होत्या आणि संगमरवरी पाटी होती. पाटी खोल्यांच्या मानाने बरीच मोठी होती. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं, कारण मला 'अविरत' आणि 'अथक' हे शब्द येतात अशी माझी ख्याती होती.

तयारी बघायला गेलो तर ब्रँच मॅनेजर डोकं धरून बसले होते.

"सगळं आलं सर. हार आले, नारळ आले, फेटेवाला आला. खाटाच आल्या नाहीत."

मी टपरीवर येऊन राजाला विचारलं, "राजे, ट्रकमध्ये काय आहे?"

"लोखंडी खाटा. का?"

आनंदाने मी तसाच मागे फिरलो आणि मॅनेजरांना म्हणालो, "अहो, खाटा समोर उभ्या आहेत!"

"माहीत आहे ना," ते म्हणाले. "पण त्या कागदोपत्री आलेल्या नाहीत. मुंबईचा फोन नाही."

"पण दिसतायत ना?"

"दिसतायत हे माझं वैयक्तिक मत झालं, सर."

त्यांनीही फोन केला होता. ऑफिस म्हणालं, शेठना विचारायला हवं. शेठ भेटत नव्हते, कारण ते तलासरीच्या उद्घाटनाच्या गडबडीत होते.

मी राजाला म्हणालो, "तुम्ही उतरवून मोकळे व्हा."

"मागं वापीला असाच एका मॅनेजरच्या शब्दावर माल उतरवला, गुरुजी. ऑफिस म्हणालं, कुणाला विचारून? परत कुणी चढवला? म्याच." मग आवाज चढवून, "प्रधानजी, या राज्यात हुकूम देणारा कोणी आहे की नाही?"

हे वाक्य नाटकात नव्हतं.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जत्रेतलं नाटक. शेठ पांढऱ्या सफारीत आले, गाडीतून उतरायला त्यांना दोघे लागले आणि हार काढून ठेवायला तिसरा. कार्यक्रमात 'आदर्श चालक सत्कार' होता. मॅनेजर घाईने माझ्या कानाशी लागले.

"आदर्श चालक येत नाहीये. अंकलेश्वरला अडकलाय."

"कशात?"

"ऑफिसच्या फोनची वाट पाहतोय."

म्हणून मग टपरीवरून राजाला धरून आणलं. त्याला फेटा बांधला, अंगावर जरीची शाल घातली. मिशा होत्याच. जमलेल्या ट्रकवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. मग भाषणं झाली. चालक हा देशाचा कणा आहे असं एकजण म्हणाला, दुसऱ्याने त्याला रक्तवाहिनी केलं, शेठनी चाक म्हटलं. एकंदर बराच वेळ कोणी त्याला माणूस म्हणेना. 'अथक' शब्द तीनदा आला. तिन्ही वेळा मीच लिहून दिलेला होता.

शेवटी मी सत्कारमूर्तींना दोन शब्द बोलायची विनंती केली. राजाने माइक हातात घेतला, पण त्याच्या आवाजाला माइकची गरज नव्हती.

"शेठ, माल कुठं उतरवायचा?"

मांडव हसला. शेठही हसले. बहुधा हा विनोद आहे असं त्यांना वाटलं असावं.

"खाटा आहेत, शेठ. ह्या इथल्याच. चार दिवस झाले, फोनच नाही."

शेठ मॅनेजरांकडे बघू लागले, मॅनेजर पाटीकडे. मग शेठ मायेने राजाला म्हणाले, "उद्या सकाळी ऑफिसला फोन कर हां. निरोप मिळेल."

राजाच्या मिशा खाली आल्या. पुढच्या रांगेतल्या मावशी मोठ्याने म्हणाल्या, "मूआ पोस्टमन खाई गयो मुकुट!"

मोठ्या माणसांचा मी थोडाफार अभ्यास केला आहे. त्यांना विनंती केली तर ती ऑफिसकडे जाते. पण 'शुभहस्ते' हा शब्द कानावर पडला की त्यांचे पाय आपोआप उचलले जातात. मी माइक घेतला.

"आणि आता, ज्या क्षणाची आपण सर्व आतुरतेने वाट पाहत आहोत... माननीय शेठजींच्या शुभहस्ते खाटा उतरवण्याचा शुभारंभ!"

मी हे बोलत होतो तोवर शेठ उभे राहिले होते. फोटोग्राफर पुढे धावला. फितीची कात्री तबकात होतीच. मिरवणुकीने सगळे ट्रककडे गेले आणि शेठनी ताडपत्रीची दोरी कापायला घेतली. ती नायलॉनची होती आणि कात्री फितीची होती, त्यामुळे शेठना त्या दिवशी थोडं काम पडलं. पण एकदाची तुटली. पुढचं ट्रकवाल्यांनी बघितलं. टाळ्या संपायच्या आत निम्म्या खाटा खाली होत्या. मॅनेजरांनी पोच लिहून दिली आणि राजा फेट्याशालीसकट केबिनमध्ये चढला.

"प्रधानजी, येतो!" म्हणाला आणि गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर तो पुन्हा टपरीवर उगवला.

"पोचलात का, राजे?"

"पोचलो तर! पण पडदा वर गेल्यावर. पोस्टमन विंगेत मुकुट घालून उभा. तसाच फेट्याशालीत घुसलो स्टेजवर. मी म्हटलं, सांडणीस्वार आला का? तर प्रधान मला बघून इतका हरखला की बोलून गेला, 'आला, महाराज!'"

"अरे देवा. मग नाटकच संपलं की!"

"संपतंय कसलं. मी म्हटलं, आला? मग कुठं उतरवायचं ते बोलला का? प्रधान म्हणाला, नाही महाराज. म्हटलं, मग थांबा!" तो खदाखदा हसला. "वन्समोर घेतला, गुरुजी."

विश्रांती भवनाला कुलूप होतं. किल्ली मुंबईच्या ऑफिसात होती आणि ती मिळवायला फोन करावा लागे. राजाची चटई ट्रकखाली अंथरलेली दिसत होती.

माझी एसटी आली नव्हती, म्हणून मी आणखी एक चहा सांगितला. तेवढ्यात फोन वाजला. आम्ही सगळे वळून बघू लागलो. मावशींनी उचलला, ऐकला, ठेवला आणि चहा गाळायला घेतला.

"नाही महाराज," त्या म्हणाल्या.