डाव्या बाजूचं पायडल

जुन्या विलायती सायकलचं डावं पायडल मिळणं किती अवघड आहे, हे ज्याने शोधलं त्यालाच कळेल. उजवं कुठेही मिळतं. डाव्याच्या स्क्रूचे आटे उलटे असतात, म्हणून उजवं तिथे बसत नाही. आणि आपल्याकडे सगळे डाव्यावर पाय देऊनच टांग मारतात, त्यामुळे झिजतं, वाकतं आणि तुटतं तेही डावंच. बीदर, भालकी, उदगीर, गुलबर्गा अशी वणवण करत मी दर रविवारी उजवी पायडलं बघत होतो आणि दुकानदारांवर डाफरत होतो. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

सायकल अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. भालकीपासून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात ते शाळेत शिपाई होते. नोकरी लागली तेव्हा बीदरच्या एका रिटायर अधिकाऱ्याकडून त्यांनी ती जुनीच घेतली. आमच्या बौद्ध वस्तीतून शाळेकडे जायचं तर सवर्णांच्या मोठ्या गल्लीतूनच जावं लागे. गल्ली आली की अप्पा खाली उतरायचे, सायकल हातात धरून चालायचे आणि गल्ली संपली की पुन्हा चढायचे. आमच्या माणसाने त्या घरांसमोरून सायकलवर बसून जायचं नाही, असा रिवाज होता. पुढे रिवाज मोडला, पण अप्पांचं उतरणं मोडलं नाही. रिटायर झाल्यावरही ते तिथे उतरत. मला याची भयंकर चीड होती. गल्लीची होती आणि अप्पांचीही होती.

चौदा एप्रिलच्या जयंतीची मिरवणूक आता त्याच गल्लीतून वाजतगाजत जाते. मागच्या दिवाळीत वस्तीतल्या तरुणांनी ठरवलं की पुढच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे अप्पांनी सायकलवर बसून गल्लीतून जायचं. मला वाटलं, अप्पा काही कबूल होणार नाहीत. पण ते लगेच म्हणाले, “जाईन की. माझ्या सायकलवर जाईन.” पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडावर मी इतका हुरूप कधी पाहिला नव्हता. मी गुलबर्ग्याला सरकारी खात्यात इंजिनियर. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की सायकल मी नवीकोरी करून आणतो, कंपनीतून निघाली तशी. जिथे जो पार्ट होता तिथे तोच, एकदम ओरिजिनल.

अप्पांना हे फारसं पटलं नसावं. मी सायकल टेम्पोत चढवायला लागलो तेव्हा ते म्हणाले, “कामून नेयलास? चालायली की चांगली. टायर बदल तेवढे.”

“आणि हे?” मी डावीकडे बोट दाखवलं. तिथे पायडलाच्या दांड्यावर लाकडाचा एक ठोकळा ठोकून बसवलेला होता. वापरून वापरून काळा, गुळगुळीत झालेला. माझ्या जन्माआधीपासून तो तिथे होता आणि शाळेत पोरं मला त्यावरून चिडवायची. “मिरवणुकीत हे लाकूड मिरवता का? त्या गल्लीतले लोक हसतील.”

अप्पांनी मागचं चाक उचलून दिलं. मी इंजिनियर झाल्यापासून घरात माझ्यापुढे कुणी फार बोलत नाही. आपण सांगतो ते सगळ्यांना पटतं, असा अर्थ मी इतकी वर्षं त्यातून काढत आलो होतो.

बीदरच्या जुन्या शहरात एक म्हातारे मिस्त्री आहेत. असल्या सायकलींना हात लावणारे तेच एक उरलेत. बाकी दुकानांत रंगीबेरंगी गिअरच्या सायकली. तिथला एक मालक मला म्हणाला, “अंकल, म्युझियमला देऊन टाका.” त्याला मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिस्त्रींनी सायकल पूर्ण उकलली आणि काय काय लागेल ते सांगितलं. चेनकव्हर उदगीरच्या भंगारात सापडलं. ब्रेकचे रॉड साखर कारखान्याच्या एका वॉचमनने त्याच्या पडीक सायकलचे काढून दिले. सीटचं कातडं मिस्त्रींनीच कुठून तरी पैदा केलं. राहिलं ते डावं पायडल.

मिस्त्रींनी ठोकळा दांड्यावरून काढून हातात घेतला, उलटसुलट फिरवून पाहिला. “साब, ये लकड़ी भोत मजबूत है. अच्छा चलरा था ना? रखनाच क्या?”

“जाळून टाका,” मी म्हणालो.

आमच्यासारख्यांचं एक असतं. बापाने जुळवाजुळव करून संसार ओढलेला असतो, तर पोराला जुळवाजुळवीचीच लाज वाटते. आमच्या पिढीतल्या कुणाचंही नवं घर बघा. सगळं दुकानातून आणलेलं, सगळं कंपनीचं, आणि आईबापांच्या हातची एक वस्तू सापडली तर शपथ. मी त्यातलाच.

मार्चमध्ये पायडल मिळालं. गुलबर्ग्यात एका तूरडाळीच्या व्यापाऱ्याच्या वडिलांचं पूर्वी सायकलचं दुकान होतं, असं कळलं. त्याच्या गोदामात पोत्यांच्या मागे जुन्या मालाची एक पेटी होती. आत ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलेलं डावं पायडल, विलायती शिक्क्यासकट, एकदाही न वापरलेलं. व्यापारी हसला आणि कानडीत म्हणाला, “तगोंड होग्री,” घेऊन जा. पैसे घेतले नाहीत. त्या रात्री मला इतका आनंद झाला होता की मी बायकोला झोपेतून उठवून ते दाखवलं.

जयंतीला आठ दिवस असताना मी सायकल गावात नेली. काळा रंग, सोनेरी रेषा, चकचकीत चाकं. वस्ती गोळा झाली. अप्पा पुढे आले, हँडल धरलं, सीटवरून हात फिरवला. मग वाकले आणि डाव्या पायडलाला हात लावला. तसेच वाकून राहिले.

“लाकूड कुठाय?”

“काढलं. कंपनीचं बसवलंय. अख्ख्या कर्नाटकात एकच असंल,” मी छाती फुगवून सांगितलं.

“ठिवलंस का कुठं?”

“न्हाई. ते कशाला ठेवायचं?”

अप्पा ओट्यावर बसले. लोक पांगल्यावर बोलले, तेही माझ्याकडे न बघता.

“तू व्हायच्या आधीचं सांगायलो. एक दिवस शाळेला उशीर झाला. घंटा द्यायची व्हती. म्हणून गल्लीत उतरलो न्हाई. चौघांनी धरलं, सायकल आडवी केली आन् दगडानं डावं पायडल ठेचलं. म्हणले, आता चढून दाखीव. घरी आलो, रडलो. सुताराकडं गेलो तर त्यानं दारातनंच परत लावलं. तवा तुझ्या मायनं काठवट म्होरं ठिवली. म्हणली, हिचं करा.”

काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायचं लाकडी भांडं. मायला ते तिच्या आईने लग्नात दिलं होतं, बाभळीच्या गाभ्याचं. अप्पांनी ते कुऱ्हाडीने फोडलं, जाड तळाचा तुकडा तासला, तापलेल्या सळईने त्याला भोक पाडलं. आमच्या घरी भाकरीचं पीठ पितळी परातीत का मळत, हे मला पन्नाशीनंतर कळलं. मायला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

“अन्नाच्या भांड्यावर पाय कसा द्यावा? रोज आधी हात लावायचो, मग चढायचो,” अप्पा म्हणाले. “गल्लीत उतरायचो ते त्यांना भिऊन न्हाई रे. नंतर तर न्हाईच. एकदा तिच्या काठवटीवर पाय देऊन, समद्यांच्या देखत, सरळ जायचं असं मनात व्हतं. तसं कुणी बोलवलं न्हाई. यंदा बोलवलं.”

“मग मला सांगितलं कामून न्हाई?” मी ओरडलोच. चूक माझी असली की माझा आवाज असा चढतो.

“तू इचारलंस कवा?”

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने बीदर गाठलं. मिस्त्री मला बघून खूश झाले, पायडल कसं फिरतंय म्हणून विचारायला लागले. मी लाकडाचं विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. शेजारच्या चहावाल्याला सरपण म्हणून दिलं होतं, महिना झाला. “साब, आपच बोले थे ना, जला दो.” मी तरीही चहावाल्याकडे गेलो. चुलीमागचा ढीग उपसला. इस्त्रीच्या कपड्यातला साहेब लाकडं उपसतोय म्हणून लोक थांबून बघत होते. सापडलं काहीच नाही. त्या चुलीवरचा चहा मी त्या महिन्यात दोनदा तरी प्यालो असेन.

परत येऊन मी अप्पांना म्हणालो की बाभळीचंच दुसरं करून घेऊ, अगदी तसंच.

“कुणाच्या काठवटीचं करतूस?” त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

जयंतीला सायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी केली, तिला हार घातले. अप्पांना बसा म्हणून सगळ्यांनी विनवलं. “ही माझी न्हाई,” एवढंच ते म्हणाले आणि पांढरा शर्ट, पांढरं धोतर अशा वेशात मिरवणुकीत चालू लागले. मोठ्या गल्लीत ढोल थांबले, घोषणा झाल्या. एका मोठ्या घरातून माझ्या वयाचा मालक बाहेर आला, हसून नमस्कार केला. ट्रॉलीवर चढून सायकलसोबत फोटो काढून घेतला. पायडलावरचा शिक्का वाचून माझ्याकडे वळला. “काय ठिवलाव हो! एकदम वरिजनल.”

मी मान हलवली. थँक्यू म्हणालो.

पुढे अप्पा त्या गल्लीतून चालत निघाले होते. आयुष्यभर गेले तसे, पायीच. आजवर त्यांना तिथे उतरवणारे दुसरे होते. या खेपेला तो मी होतो.