सारिकाच्या आवाजातला फोन

दोंडाईच्यात साड्यांचा सेल असो की कुणाची दशक्रिया, रिक्षावरच्या भोंग्यातून येणारा आवाज बहुधा सारिकाचा असे. शिवणकाम सांभाळून ती गिरधरच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात जाहिराती वाचून द्यायची.

एका दुपारी तिचे सासरे नथ्थूआबा पांढऱ्याफटक चेहऱ्यानं घरात आले आणि त्यांनी मोबाइल तिच्या कानाला लावला. ‘आपल्या नंबरवर गुन्हा नोंदवण्यात आला आहे. दोन तासांत नंबर बंद होईल. अधिकाऱ्याशी बोलण्यासाठी नऊ दाबा.’

“बेटा, हाऊ ते तुन्हाच आवाज शे!” आबा म्हणाले.

सारिकानं आवाज ओळखला. महिन्यापूर्वी हेच शब्द तिनं गिरधरच्या माइकसमोर वाचले होते. गिऱ्हाइकानं गिरधरला आणि तिलाही व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवला होता, ‘कंपनीची टेस्टिंग आहे’ एवढंच सांगून. तिनं विचारलं काहीच नव्हतं.

ती धावत दुकानात गेली. गिरधरनं शटर अर्धं ओढून घेतलं.

“गप्प राहा. मी सगळं पुसून टाकलंय. असल्या फोनांना तीन वर्षं कैद आहे म्हणतात, अन् पन्नास लाख दंड. आवाज तुझा आहे, माझा नाही.”

पुढचे तीन दिवस सारिका घराबाहेर तोंड उघडेना. भाजीसुद्धा बोटानं दाखवून घ्यायची. दाराशी गाडी थांबली की आतल्या खोलीत जाऊन बसायची.

चौथ्या दिवशी मागच्या गल्लीत आरडाओरड झाली. तिथं एकट्या राहणाऱ्या भिकुबाईनं तसाच फोन आल्यावर नऊ दाबला होता. फोनवरच्या तोतया पोलिसानं, ‘खोलीबाहेर पाय टाकला तर सुरतेला राहणाऱ्या तुझ्या मुलाला अटक करू,’ अशी धमकी देऊन म्हातारीला दोन दिवस कोंडून ठेवलं होतं. लोकांनी कडी तोडून तिला बाहेर काढलं. सारिका पाणी घेऊन गेली.

“अक्का, घोटभर प्या.”

तो आवाज ऐकताच भिकुबाईनं पदरानं दोन्ही कान झाकले आणि ती भिंतीला चिकटली.

सारिका तशीच घरी आली. “आबा, मी धुळ्याला पोलिसांकडे जाते. आत टाकलं तर टाकू देत.”

आबांनी खुंटीवरची टोपी घेतली. “एकली नको जाऊस.”

सायबर पोलीस ठाण्यातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “हे कशासाठी आहे, ठाऊक होतं?”

“नाही.”

“विचारलं होतं?”

सारिकाची मान खाली गेली. “नाही.”

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. सारिकाला पेनाचा आवाजही सोसवेना. मग त्या म्हणाल्या, “फसवून, दुसऱ्याच्या नावावर सिम घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फसवणुकीची कलमं वेगळी. तुमचं काय ते तपासात ठरेल. तो मजकूर आहे अजून?”

गिरधरनं त्याचं सगळं पुसलं होतं. सारिकाच्या फोनमध्ये मात्र मजकूर होता, आणि पाठवणाऱ्याचा नंबरही. त्यावरून पोलीस चाळीसगावच्या एका भाड्याच्या खोलीत पोचले. तिथं परक्यांच्या नावावरची सिमकार्डं सापडली आणि दोघांना अटक झाली. गिरधरलाही चौकशीला बोलावलं. सारिका साक्षीदार ठरली.

आवाजाच्या नमुन्यासाठी तिला तीच वाक्यं पुन्हा म्हणावी लागली. ‘गुन्हा’ शब्दाशी जीभ अडखळायची. चौथ्या खेपेला ती सलग बोलली, आणि बाहेर येऊन आबांशेजारी बाकावर बसून ढसाढसा रडली.

खटला अजून उभा राहायचा आहे. कोर्टाचं समन्स येईल याची तिला आजही भीती वाटते. पण साक्ष द्यायला ती जाणार आहे.